चाच्यांचा माल उतरवणारं न्यूयॉर्क: लॉर्ड बेलोमाँटला तीन वर्षांत चोरटा व्यापार का थांबवता आला नाही?

दर्यासारंग_७

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

१६९५ मध्ये गंज-इ-सवाई हे जहाज यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परत येत असताना हेन्री एव्हरीने लुटलं हे बहुतेकांना माहीत असेल. औरंगजेब तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ ठोकून बसला होता, मराठ्यांशी युद्ध चालू, आणि तिकडे सुरतेत वखारीतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या. मुघल इतिहासकार खाफीखानाने नुकसानीचा आकडा ५२ लाख रुपये दिलाय. मी इतके दिवस समजत होतो की हे सगळे चाचे थेट इंग्लंडमधून यायचे, पण आता वाचताना लक्षात आलं की एव्हरीच्या जोडीला असलेली बरीचशी जहाजं अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधली होती. म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे येणारा माल लुटायचा आणि तो खपवायचा न्यूयॉर्क, न्यूपोर्ट, बॉस्टनला. तिथले व्यापारी पैसा पुरवणार, तिथलाच गव्हर्नर परवाना देणार!

मग राजा तिसऱ्या विल्यमने खास हे बंद करायला म्हणून रिचर्ड कूट उर्फ लॉर्ड बेलोमाँटला गव्हर्नर करून पाठवलं, तो एप्रिल १६९८ मध्ये न्यूयॉर्कला उतरला आणि मार्च १७०१ मध्ये तिथेच वारला. जेमतेम तीन वर्षं.

माझा प्रश्न असा की या तीन वर्षांत त्याच्या हाताला नक्की काय लागलं? त्याच्याकडे राजाचा हुकूम होता, कायदा होता, शिपाई होते, आणि शहर किती मोठं, तर सगळी मिळून ५ हजारांच्या आत वस्ती. एवढ्याशा गावात कोण काय करतंय हे गव्हर्नरला कळत नसेल असं होऊच शकत नाही. मग अडलं कुठे? आणि ज्या कॅप्टन किडला पुढे फाशी झाली त्याच्या मोहिमेत बेलोमाँट स्वतः भागीदार होता असंही वाचलं, ते खरं असेल तर या माणसाला प्रामाणिक म्हणायचं का?

---

जुनी_सनद

चांगला धागा. पहिल्यांदा त्याच्या आधीच्या माणसाबद्दल बोलू, कारण त्याच्याशिवाय बेलोमाँटची अडचण कळणार नाही.

बेंजामिन फ्लेचर, १६९२ ते १६९८ न्यूयॉर्कचा गव्हर्नर. याने चाचेगिरीला चक्क दरपत्रक लावलं. चाचा बंदरात आला की माणशी १०० डॉलर (म्हणजे स्पॅनिश चांदीची नाणी) भरायचे आणि गव्हर्नरच्या सहीचं संरक्षणपत्र घ्यायचं, मग तुला कुणी विचारणार नाही की हे अरबी सोनं कुठून आणलंस. कौन्सिलचा (गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाचा) मेंबर विल्यम निकोल मधल्यामध्ये व्यवहार जुळवायचा असा आरोप होता. एडवर्ड कोट्स नावाच्या कप्तानाच्या टोळीने तर जेकब हे आख्खं जहाजच फ्लेचरला भेट दिलं आणि त्याने ते ८०० पाउंडांना विकलं.

थॉमस ट्यूची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. हा माणूस तांबड्या समुद्रात मुघलांचं जहाज लुटून १६९४ मध्ये परत आला, सगळ्या गावाला माहीत होतं पैसा कुठला ते, तरी तो गव्हर्नरच्या घोडागाडीत बसून शहरात फिरायचा, गव्हर्नरच्या घरी जेवायचा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लेचरने ३०० पाउंड घेऊन त्याला नवीन सनद दिली. कागदावर ती फ्रेंचांविरुद्ध लढायला होती. ट्यू गेला सरळ तांबड्या समुद्राच्या तोंडाशी आणि मुघल जहाजावर हल्ला करतानाच मेला. पुढे लंडनमध्ये जाब विचारल्यावर फ्लेचरने काय सांगावं, तर ट्यूची शिव्या द्यायची सवय सोडवावी म्हणून मी त्याच्याशी मैत्री केली होती आणि त्यासाठी त्याला एक पुस्तकही दिलं होतं.

हे सगळं बेलोमाँटने येऊन उकरून काढलं, साक्षी-जबान्या गोळा करून गठ्ठेच्या गठ्ठे लंडनला बोर्ड ऑफ ट्रेडकडे, म्हणजे वसाहतींचा कारभार बघणाऱ्या मंडळाकडे पाठवले. हे बोर्डही तेव्हा नवंच होतं, १६९६ मध्ये स्थापन झालेलं. आता तुमच्या प्रश्नाकडे. बेलोमाँटला जे कौन्सिल मिळालं, जे कस्टम अधिकारी मिळाले, जो ॲटर्नी जनरल मिळाला ते सगळे फ्लेचरच्या काळातलेच. कौन्सिलमध्ये कोण, तर ज्यांच्या जहाजांवर धाड घालायची तेच व्यापारी. कुंपणच शेत खातंय तिथे राखणदार नवा आणून काय होणार. शहर लहान होतं म्हणून सोपं जायला हवं होतं असं तुम्ही म्हणताय, माझ्या मते लहान होतं म्हणूनच अवघड गेलं. सगळे एकमेकांचे सोयरे, भागीदार, नाहीतर देणेकरी, साक्ष द्यायला उभा कोण राहणार?

---

निवृत्त_जकातदार

आयुष्य कस्टम्सच्या नोकरीत गेलं त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. जुनी_सनद यांनी वरची फळी सांगितली, मी खालची सांगतो, कारण माल पकडला जातो तो खाली, धक्क्यावर.

बेलोमाँट आल्यावर दोनतीन महिन्यांतच फॉर्च्युन नावाचं जहाज पूर्वेकडचा माल घेऊन आलं. त्याने कलेक्टरला सांगितलं जप्त कर. कलेक्टर होता चिडली ब्रूक, गंमत म्हणजे तो बेलोमाँटचा नातेवाईकच, पण त्याने आधी हे माझं काम नाही म्हणून टाळाटाळ केली, नाइलाजाने तयार झाला तोपर्यंत बराचसा माल उतरवून झालेला. मग काही माल एका व्यापाऱ्याच्या घरात सापडला, तिथे जप्तीला गेलेल्या माणसांना जमावाने आतच कोंडून घातलं, लेफ्टनंट गव्हर्नर नॅनफन शिपाई घेऊन गेला तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. राजाचे अधिकारी, राजाच्याच प्रांतात, भर शहरात! ज्याने कधी जप्ती केलीय त्यालाच कळेल त्या खोलीत त्या माणसांना काय वाटलं असेल. बाहेर जमाव, आत तुम्ही, आणि तुमचा साहेबच तुमच्या बाजूने आहे की नाही याची खात्री नाही. बेलोमाँटने ब्रूकला काढून टाकलं, नात्याचा मुलाहिजा ठेवला नाही, हे मी त्याच्या बाजूने मोजतो.

दुसरी गोष्ट भूगोलाची. न्यूयॉर्कसमोर लाँग आयलंड पसरलंय, लांबच लांब किनारा, शेकडो खाड्या. ऑयस्टर बे, सेटॉकेट, साउथोल्ड अशा ठिकाणी रात्री माल उतरायचा, तिथून छोट्या होड्यांनी नाहीतर गाड्यांनी शहरात. मोठं जहाज धक्क्याला लागतं तेव्हा आत असतं लाकूड नाहीतर मीठ, सगळं कायदेशीर. बेलोमाँटची तक्रार अशी की शहराचा व्यापार डोळ्यांदेखत वाढतोय आणि जकातीचं उत्पन्न मात्र घटतंय. ही एकच गोष्ट कुठल्याही जकात अधिकाऱ्याला पुरेशी असते, बाकी पुरावा नंतर. व्यापार वाढला आणि वसुली पडली याचा अर्थ तुमची स्वतःचीच माणसं फुटलेली आहेत.

आणि तिसरं, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. १६६० च्या नॅव्हिगेशन ॲक्टप्रमाणे पकडलेल्या जहाज-मालाचे तीन वाटे व्हायचे, एक राजाला, एक गव्हर्नरला, एक ज्याने माहिती देऊन खटला भरला त्याला. म्हणजे गव्हर्नरने तस्करी पकडावी म्हणून कायद्यानेच त्याला एक तृतीयांश हिस्सा ठेवला होता. मग फ्लेचर ते सोडून माणशी १०० डॉलरवर का खूश होता? कारण हिस्सा मिळायचा खटला जिंकल्यावर, आणि खटला जायचा ज्यूरीपुढे. ज्यूरी म्हणजे त्याच गावातले लोक. एडवर्ड रँडॉल्फने मॅसॅच्युसेट्समध्ये आधी हे भोगलं होतं, जहाजांमागून जहाजं पकडली आणि जवळपास सगळे खटले हरला, वर खर्चही त्याच्याच डोक्यावर. त्यापेक्षा आज रोख मिळतायत ते घ्या असा हिशेब फ्लेचरने केला. हे समर्थन अजिबात नाही, पण कायदा करणाऱ्यांनी आमिष ठेवलं आणि ते मिळण्याची वाट बंद ठेवली ही चूक लंडनची आहे.

---

सुमेधा_वाचते

धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे गव्हर्नर आणि अधिकाऱ्यांबद्दल बोलताय, पण धंद्यात मार्जिन किती होतं ते बघा, मग कळेल की शिपाई कितीही लावले तरी माणसं का जात राहिली.

बेलोमाँटच्याच पत्रात आकडे आहेत. न्यूयॉर्कला रम २ शिलिंग गॅलन, तीच मादागास्करला चाच्यांना विकली की ५० शिलिंग ते ३ पाउंड गॅलन. मदेरा वाइनचं मोठं पिंप इथे १९ पाउंड, तिथे ३०० पाउंड. म्हणजे स्वतः कुणालाही लुटायची गरजच नाही, लुटणाऱ्याला दारू आणि बंदुकीची दारू पुरवली की झालं! १६९८ मध्ये नासाऊ जहाज घेऊन जाइल्स शेली असाच गेला आणि येताना चाचेच प्रवासी म्हणून भाडं घेऊन परत घेऊन आला.

मादागास्करच्या ईशान्येला सेंट मेरी नावाचं छोटं बेट आहे, तिथे ॲडम बॉल्ड्रिजने १६९१ च्या सुमारास ठाणं मांडलं आणि न्यूयॉर्कचा सगळ्यात श्रीमंत व्यापारी फ्रेडरिक फिलिप्स त्याला जहाजं पाठवायचा. बॉल्ड्रिजने पुढे जबानी दिली त्यात १६९३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या चार्ल्स जहाजातल्या मालाची यादीच आहे. ४४ जोड बूट, मोजे, टोप्या, सुताराची हत्यारं, ५ पिंपं रम, ३ पिंपं तोफेची दारू, दोन बायबल, मुलांना अक्षरं शिकवायच्या पाट्या, बागेसाठी बियाणं, तीन डझन कुदळी. त्या बदल्यात त्याने परत काय पाठवलं? ११०० चांदीचे डॉलर, १५ गुरं, ५७ लोखंडी कांबी आणि ३४ गुलाम. गुरं आणि कांबींच्याच ओळीत माणसं मोजलीयत.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हेच टोचतं. आपण एव्हरी, किड, सोनं, खजिना यांच्या गोष्टी वाचतो, पण फिलिप्सने बॉल्ड्रिजला स्वच्छ लिहिलंय की मुख्य नफा मला गुलामांतूनच मिळतो, तेच जास्त पाठव. मादागास्करमध्ये माणूस अगदी कवडीमोलाने मिळायचा आणि न्यूयॉर्कला त्याचे ३० पाउंड यायचे. आणि हा भाग त्या काळात कुणाला गुन्हा वाटतच नव्हता. बेलोमाँटच्या पत्रांतसुद्धा तक्रार आहे ती पूर्वेकडच्या कापडाबद्दल, जकातीबद्दल, चाच्यांबद्दल. त्या माणसांबद्दल नाही. फिलिप्सने तर १६९८ मध्ये मुलाला समुद्रात पुढे पाठवलं, मादागास्करहून येणाऱ्या जहाजातला पूर्वेकडचा माल भर समुद्रातच छोट्या गलबतावर उतरवून घेतला आणि जहाज बंदरात आलं तेव्हा त्यात फक्त गुलाम. कारण कापड लपवावं लागत होतं, माणसं उघड उतरवता येत होती! ते गलबत मग हँबुर्गला गेलं आणि तिथे इंग्रज राजाच्या वकिलाने ते पकडवलं. फिलिप्सला कौन्सिल सोडावं लागलं, पण बाकी त्याचं साम्राज्य तसंच राहिलं, १७०२ मध्ये वारला तेव्हाही प्रांतातल्या सगळ्यात श्रीमंतांपैकी एक होता.

---

दर्यासारंग_७

बापरे, सुमेधाताई, ती यादी वाचून सुन्न झालो. मी आतापर्यंत फक्त सुरतेच्या बाजूने बघत होतो.

@निवृत्त_जकातदार काका, तो एक तृतीयांशाचा मुद्दा मला अजिबात माहीत नव्हता, धन्यवाद. मग एक शंका आहे. फ्लेचरला लंडनने शिक्षा काय केली? एवढे पुरावे होते म्हणताय.

---

उत्तरेचा_वारा

शिक्षा काहीच झाली नाही. परत बोलावलं, बोर्डापुढे चौकशी झाली, ताशेरे मारले आणि खटला कधी उभाच राहिला नाही. १७०३ मध्ये वारला.

आणि मी इथे थोडी उलटी बाजू मांडतो, राग नसावा. फ्लेचर १६९२ मध्ये आला तेव्हा प्रांताची अवस्था बघा. फ्रान्सशी युद्ध चालू (१६८९ ते १६९७), १६९० च्या फेब्रुवारीत फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या टोळ्यांनी स्केनेक्टेडी गाव रातोरात जाळून माणसं कापून काढली होती, अल्बनीची सरहद्द उघडी, शिपायांचे पगार थकलेले, आणि पैसा मंजूर करणार असेंब्ली, जी दर वेळी हात आखडता घ्यायची. लंडनमधून हुकूम भरपूर यायचे, पैसे यायचे नाहीत. त्यात प्रांतात नाणं खेळायलाच नाही, कारण इंग्लंडहून सगळं विकत घ्यायचं आणि आपला माल इंग्लंडला फारसा नको. अशा ठिकाणी एखादं जहाज हजारो पाउंडांचं अरबी सोनं आणि चांदी घेऊन येतं, ते सोनं दुकानदाराकडे जातं, सुताराकडे जातं, जहाज बांधणाऱ्याकडे जातं. गावाच्या दृष्टीने तो चाचा म्हणजे चोर कसा? त्याने लुटलंय कुणाला तर हजारो मैलांवरच्या, ज्यांचं नावही यांनी ऐकलेलं नाही अशा लोकांना.

फ्लेचरने स्वतःचा खिसा भरला हे मान्यच. पण त्याच्या जागी संत बसवला असता तरी त्याला या लोकांशी जमवून घ्यावंच लागलं असतं असं माझं मत आहे. बेलोमाँटने जमवून घेतलं नाही, त्यात त्याने आल्याआल्या लाइस्लर पक्षाची बाजू घेतली, म्हणजे १६९१ मध्ये बंडखोर म्हणून ज्या जेकब लाइस्लरला फाशी दिलं होतं त्याच्या अनुयायांना जवळ केलं, लाइस्लरचं शव उकरून मानाने पुन्हा पुरू दिलं. बडे व्यापारी नेमके लाइस्लरच्या विरोधातले. त्यांना वाटलं हा कायदा वगैरे काही नाही, हा आपल्या दुश्मनांचा माणूस आहे. पुढे प्रत्येक जप्ती म्हणजे पक्षीय सूड असं त्यांनी लंडनला लिहायला सुरुवात केली आणि तिथे ऐकणारे लोक होतेच.

---

जुनी_सनद

वाराजी, लाइस्लरच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, माझ्या प्रतिसादात तो राहून गेला होता आणि तो फार महत्त्वाचा आहे.

पण "लुटलंय हजारो मैलांवरच्यांना" हे वाक्य मी तसंच सोडणार नाही. गंज-इ-सवाईवर काय झालं ते खाफीखानाने लिहिलंय, कित्येक दिवस त्या बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या मारल्या. न्यूयॉर्कच्या सुताराला ते ठाऊक नसेल, मान्य. फ्लेचरला ठाऊक होतं. एव्हरीला पकडण्यासाठी सरकारने ५०० पाउंडांचं बक्षीस लावलं, ईस्ट इंडिया कंपनीने त्यात भर घालून १००० केलं, हे जाहीरनामे सगळ्या वसाहतींत गेले होते. त्यानंतरही संरक्षणपत्रं विकली जात होती. पैशाची अडचण म्हणून सनद विकणं आणि माहीत असताना विकणं यात फरक करावाच लागेल.

शिवाय लंडनला जाग आली ती काही न्यूयॉर्कच्या जकातीमुळे नाही. कंपनीचा सुरतेचा व्यापारच बंद पडायची वेळ आली म्हणून. एव्हरीच्या सहा माणसांना धरून लंडनला उभं केलं, १६९६ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या खटल्यात ज्यूरीने त्यांना चक्क सोडलं! मग दुसरा आरोप ठेवून पुन्हा खटला चालवला आणि पाच जणांना फाशी दिलं. लंडनमध्येच ज्यूरी सोडत असेल तर न्यूयॉर्कचं काय घेऊन बसलात.

---

कागदोपत्री

किडवर कुणीच आलं नाही म्हणून लिहितो, कारण मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तोच होता.

हो, बेलोमाँट भागीदार होता, आणि नुसता भागीदार नाही तर मोहीम उभी करणाऱ्यांपैकी मुख्य. १६९५ मध्ये लंडनमध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लिव्हिंग्स्टनने किडची गाठ घालून दिली. कल्पना अशी की खासगी पैशाने जहाज बांधायचं, चाच्यांना पकडायचं, त्यांची लूट आपण वाटून घ्यायची. मागे पडद्याआड ऑर्फर्ड, सॉमर्स, रॉम्नी, श्रूजबरी असे सरकारातले बडे लोक, आणि राजाचा दहावा हिस्सा. ३४ तोफांचं ॲडव्हेंचर गॅली. किडला चाचे सापडले नाहीत, खलाशी वैतागले, आणि १६९८ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्याजवळ त्याने केदाह मर्चंट हे जहाज धरलं. त्यात अर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल, एका मुघल सरदाराचाही माल, कप्तान इंग्रज, पण जहाजाकडे फ्रेंच पास (फ्रेंचांच्या संरक्षणाचा परवाना) होता आणि फ्रेंच जहाजं धरायची सनद आपल्याकडे आहे, म्हणून ती कायदेशीर लूट असं किडचं शेवटपर्यंत म्हणणं. सुरतेत पुन्हा आगडोंब. मुघलांनी इंग्रज, डच, फ्रेंच तिघांकडून जहाजांना संरक्षण द्यायचं लिहून घेतलं.

आता बेलोमाँटची जागा बघा. चाचेगिरी संपवायला आलेल्या गव्हर्नरचा स्वतःचा माणूस चाचा ठरतोय. १६९९ मध्ये किड लाँग आयलंडजवळ आला, वकिलामार्फत ते फ्रेंच पास बेलोमाँटकडे पाठवले, बेलोमाँटने उत्तर दिलं की तू म्हणतोस तसं असेल तर निर्धास्त ये. किड बॉस्टनला आला आणि काही दिवसांत, ६ जुलैला, पकडला गेला. गार्डिनर बेटावर पुरलेलं सोनं-चांदी बेलोमाँटने खणून काढलं, यादी करून सरकारजमा केलं, सोनंच ११०० औंसांवर. स्वतः त्यातलं दडवलं असा पुरावा नाही, पण नियमाप्रमाणे माझा हिस्सा किती हे मात्र तो लंडनला विचारत होता.

पास लंडनला गेले आणि खटल्याच्या वेळी मिळालेच नाहीत. किडला २३ मे १७०१ ला वॉपिंगला फाशी झाली, पहिला दोर तुटला, दुसऱ्यांदा चढवलं. पास दोनशे वर्षांनी सरकारी दप्तरात सापडले. त्यांनी किड निर्दोष ठरतो असं मी म्हणत नाही, तोफखान्यावरच्या विल्यम मूरला त्याने बादली मारून ठार केलं हा खुनाचा आरोप वेगळा होताच. पण बचावाचा मुख्य कागद गायब असताना चाललेल्या खटल्याला मी न्याय म्हणणार नाही.

दर्यासारंग, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: बेलोमाँट लाचखाऊ नव्हता, पण तो स्वच्छही नव्हता. त्याने मान्य केलं होतं की चाच्यांची लूट ही वाटून घ्यायची गोष्ट आहे, फक्त ती योग्य लोकांनी वाटून घ्यावी. फिलिप्सने हे तोंडावर सुनावलं असतं तर बेलोमाँटकडे उत्तर नव्हतं.

---

सुमेधा_वाचते

@कागदोपत्री शेवटचा परिच्छेद थोडा कठोर वाटला. त्या काळी खासगी लढाऊ जहाजांना सनद देणं हा सरमिसळ असलेला पण मान्य मार्ग होता, सरकारकडे हिंदी महासागरात पाठवायला मोकळी लढाऊ जहाजं नव्हती कारण फ्रान्सशी युद्ध चालू होतं. दुसरा पर्याय काय होता सांगा? किडची निवड चुकली हे खरं. पण स्वतःचा भागीदार असूनही त्याने त्याला पकडलं, पळून जाऊ दिलं नाही, हेही धरायला नको का? त्याच उन्हाळ्यात जोसेफ ब्रॅडिश नावाचा चाचा बॉस्टनच्या तुरुंगातून पळाला, कारण तुरुंगाचा रखवालदारच त्याच्या नात्यातला! काही महिन्यांनी स्थानिक आदिवासींच्या मदतीने परत धरला. अशा ठिकाणी माणूस काम करत होता, त्यात गाऊटने पाय धरलेले, आणि एकाच वेळी न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर तिन्ही सांभाळायचे. १६९९ च्या मे पासून वर्षभर तो बॉस्टनकडेच होता, नेमका तेव्हाच शेलीचं नासाऊ परत आलं आणि न्यूयॉर्ककडे बघायला गव्हर्नर जागेवर नाही.

---

कागदोपत्री

धरायला हवं, मान्य करतो. पकडलं नसतं तर तो स्वतःच अडकला असता हे माझ्या मनात होतं म्हणून कठोर लिहिलं, पण दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात.

---

निवृत्त_जकातदार

आता "हाताला काय लागलं" याबद्दल लिहितो, कारण दर्यासारंगने मूळ तेच विचारलं होतं.

बेलोमाँटच्या पत्रांत सारखी एकच मागणी आहे. मला इंग्लंडहून न्यायाधीश पाठवा, सरकारी वकील पाठवा, पगारी पाठवा, इथले नकोत. १६९६ च्या कायद्याने कस्टमवाल्यांना झडतीचे अधिकार इंग्लंडसारखेच दिले होते आणि ज्यूरीशिवाय चालणारी व्हाइस ॲडमिरल्टी कोर्टं वसाहतींत आली ती त्याच्याच पाठोपाठ. पण चाच्यावर फाशीचा खटला तिथे चालवता येत नव्हता, जुन्या आठव्या हेन्रीच्या काळच्या कायद्याप्रमाणे त्याला साक्षीदारांसकट इंग्लंडला पाठवायचं. विचार करा, कुठला खलाशी साक्ष द्यायला स्वखुशीने समुद्र ओलांडेल? मॅसॅच्युसेट्सच्या स्थानिक कायद्यात चाचेगिरीला फाशीच नव्हती, म्हणून तर किड आणि ब्रॅडिश दोघांना जहाजात घालून लंडनला न्यावं लागलं. हे सगळं बेलोमाँटने लिहून लिहून कळवलं आणि १७०० मध्ये पार्लमेंटने कायदा केला की वसाहतीतच, ज्यूरीशिवाय, नेमलेल्या कमिशनपुढे चाच्यांचा निकाल लावता येईल. त्या कायद्याखाली बॉस्टनला पहिला मोठा खटला झाला जॉन क्वेल्चचा, १७०४ मध्ये, आणि जूनअखेर त्याला तिथेच फाशी दिलं. क्वेल्चने लुटली होती पोर्तुगीज जहाजं, ब्राझीलजवळ.

म्हणजे फळ आलं, पण त्याच्या पश्चात. त्याने मागितलेला चीफ जस्टिस विल्यम ॲटवुड न्यूयॉर्कला पोचला तो १७०१ च्या उन्हाळ्यात, बेलोमाँटला जाऊन चार महिने झाले होते.

मादागास्करची वाट या काळात हळूहळू ओसरली, त्यात कायद्याचा वाटा आहे तसाच कंपनीच्या दबावाचा आणि समुद्रात वाढलेल्या पहाऱ्याचाही. पण चोरटा व्यापार थांबला का? नाही. माल बदलला. पुढे फ्रेंच आणि डच बेटांवरून काकवी यायला लागली, १७३३ मध्ये तिच्यावर गॅलनला ६ पेन्स जकात बसवली, आणि कलेक्टर तेच करायला लागले जे ब्रूक करत होता, थोडे पैसे घ्यायचे आणि दुसरीकडे बघायचं. लाँग आयलंडच्या खाड्या तर तिथेच होत्या.

---

दर्यासारंग_७

काका, सुमेधाताई, सगळ्यांचेच आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी विचारताना धरून चाललो होतो की गव्हर्नर म्हणजे प्रांतातला सगळ्यात ताकदवान माणूस. आता त्या व्यापाऱ्याच्या घरात कोंडलेली जप्तीची माणसं डोळ्यासमोरून हलत नाहीयेत.

सुमेधाताई, बॉल्ड्रिजच्या ठाण्याचं पुढे काय झालं? १६९८ नंतरच्या नोंदींत त्याचं नाव न्यूयॉर्कमध्ये दिसतंय, मग तो बेट सोडून आला की त्याला हाकललं?

---

सुमेधा_वाचते

सोडून आला, पण सोडावं लागलं म्हणून. १६९७ मध्ये बेटावरच्या लोकांनी उठाव करून तिथल्या गोऱ्यांना मारलं आणि ठाणं लुटलं. बॉल्ड्रिज तेव्हा जहाजावर बाहेर होता म्हणून वाचला. किडच्या सांगण्याप्रमाणे आणि इतरांच्याही म्हणण्यानुसार कारण हे की बॉल्ड्रिजने फसवून तिथल्याच माणसांना, बायकांना, मुलांना जहाजात भरून विकायला नेलं होतं. ज्यांच्यात राहत होता त्यांनाच. तो न्यूयॉर्कला परतला, १६९९ मध्ये जबानी दिली, आणि मी वर दिलेली ती यादी त्याच जबानीतली आहे.